माळ्यावरची मस्टँग: जून ते फेब्रुवारी, कामाच्या नोंदी

२ जून २०२४

बेळगावच्या कॅम्प भागातल्या एका जुन्या घराच्या माळ्यावर उभी ठेवलेली गिटारची केस (पेटी). आत फेंडर कंपनीची मस्टँग ही इलेक्ट्रिक गिटार, पांढरा रंग, लालसर कासवपाठी पिकगार्ड (तारांखालचा प्लास्टिकचा पत्रा). बोटीवर नोकरीला असलेल्या गोव्याकडच्या नातेवाइकाने आणलेली, सत्तरच्या दशकात गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात वाजलेली, मग कित्येक वर्षं बंद. घरच्यांची अट स्वच्छ आहे: विकायची नाही, रंगवायची नाही, पण वाजली पाहिजे.

म्हणून पहिल्याच दिवशी नियम ठरवून टाकले. जे काही करू ते पुन्हा पूर्ववत करता आलं पाहिजे. काढलेला प्रत्येक भाग, अगदी तुटका स्क्रूसुद्धा, चिठ्ठी लावलेल्या पाकिटात केसमध्येच राहील. नवीन भाग बसवावा लागला तर तो नवीन आहे हे उघड दिसलं पाहिजे. जुन्यासारखा दिसणारा नवा भाग हीच खरी फसवणूक, कारण वीस वर्षांनी ती ओळखणारं कुणी उरत नाही.

आज हत्याराला हात लावला नाही. सगळ्या बाजूंनी फोटो, प्रत्येक स्क्रूचा जवळून फोटो, मग अंधाऱ्या खोलीत ३९५ नॅनोमीटरच्या अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली पाहणी. जुनं नायट्रोसेल्युलोज लॅकर या प्रकाशात फिकट पिवळसर-हिरवं चमकतं, नंतर मारलेला रंग तिथे काळपट डाग होऊन दिसतो. पूर्ण बॉडी एकसारखी चमकली. खालच्या कडेला बोटाच्या पेराएवढा एकच काळा डाग आहे, जुनी टवका उडालेली जागा कुणीतरी रंगाने भरली आहे. तो डाग तसाच राहील.

३ जून

तारा गंजून तपकिरी झाल्यात, पण अजून ताणलेल्या आहेत. एका बाजूने कापत गेलं तर मानेवरचा ताण एकदम सुटतो. म्हणून सहाही तारा आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा सैल करत आणल्या, पूर्ण ढिल्या झाल्यावरच कापल्या. मायक्रोमीटरने जाडी मोजून जुना संच पाकिटात ठेवला.

केसच्या अस्तरावर पांढरी बुरशी होती आणि कोपऱ्यात डांबरगोळ्यांचा चुरा. घराघरांत ट्रंकेत डांबरगोळ्या टाकायची सवय आहे, पण त्यांची वाफ प्लास्टिक आणि लॅकर मऊ करते. सगळा चुरा वेचून काढला. मऊ ब्रश धरून व्हॅक्यूमने अस्तर साफ केलं, केस सावलीत वाऱ्यावर चार दिवस उघडी ठेवली. उन्हात ठेवायची नाही, सरसाने चिकटवलेले सांधे सुटतात. केस कोरडी होईपर्यंत गिटार स्वच्छ सुती चादरीत, लाकडी टेबलावर आडवी. फोमच्या किंवा रबरी नळ्यांच्या स्टँडवर लॅकरची गिटार कधी टेकवू नये. रबरातली रसायनं लॅकरमध्ये उतरतात आणि जिथे टेकते तिथे कायमचा चिकट चट्टा पडतो.

५ जून

ओळख पटवण्याचं काम. मस्टँगचा ट्रस रॉड (मानेचा बाक आवरणारी आतली सळई) टाचेच्या, म्हणजे मानेच्या बॉडीत बसणाऱ्या टोकाच्या बाजूने फिरवतात, त्यामुळे मान काढावी लागणारच होती. चारही स्क्रू तिरक्या क्रमाने सैल केले. मानेमागच्या प्लेटवर मोठा एफ आणि सहा आकडी क्रमांक, म्हणजे १९६५ मध्ये सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीने फेंडर विकत घेतल्यानंतरची. मानेच्या टाचेवर शिक्का: सप्टेंबर ६६, शेवटी बी. हे अक्षर नटच्या (मानेच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) रुंदीचं. ए म्हणजे १ १/२ इंच, बी म्हणजे १ ५/८ इंच, म्हणजे ४१.३ मिमी. कॅलिपरने मोजून जुळलं.

मानेच्या खाचेत पातळ पुठ्ठ्याची एक पट्टी आहे. ती कुणी नंतर घातलेला कचरा नव्हे, त्या काळी कारखान्यातच मानेचा कोन साधायला अशा पट्ट्या घालत. फोटो काढून ज्या बाजूने होती त्याच बाजूने परत ठेवली.

मान परत बसवताना एक सवय कटाक्षाने पाळायची: स्क्रू आधी उलटा फिरवायचा. जुन्या आट्यात तो अलगद ‘टक्’ करून खाली बसतो, तेव्हाच सुलटा आवळायचा. थेट आवळला तर लाकडात नवे आटे कापले जातात, आणि असं तीन-चारदा झालं की भोक निकामी.

८ जून

विद्युत तपासणी, एकही सोल्डर न सोडवता. जुन्या गिटारच्या किमतीत आणि खरेपणात कारखान्याच्या सोल्डरला मोठा वाटा असतो. मोजमापासाठी तो उसवणं म्हणजे ताप बघायला रुग्णाचं पोट फाडण्यासारखं.

केबल जॅकमध्ये घातली, दुसऱ्या टोकाला मल्टिमीटर. व्हॉल्यूम आणि टोन पूर्ण. ब्रिजचा (तारा बॉडीवर टेकतात त्या भागाजवळचा) पिकअप, म्हणजे तारांचं कंपन विजेत बदलणारं चुंबकांभोवतीचं वेटोळं, चालू केला: ५.७५ किलो-ओहम. हा पिकअपचा खरा आकडा नव्हे, त्याच्या समांतर व्हॉल्यूमचा पॉटही (घुंडीखालचा बदलता रोध) मोजला जातोय. टोनच्या वाटेत कपॅसिटर असल्याने तो डीसी मोजमापात येत नाही.

मग नेकचा, म्हणजे मानेजवळचा पिकअप: २३६ किलो-ओहम. हा आकडा दिसला की समजावं, वेटोळं तुटलंय आणि मीटर एकट्या व्हॉल्यूम पॉटचा रोध दाखवतोय. वाईटातून एक फायदा झाला, पॉटचा नेमका आकडा मिळाला. २५० किलोच्या पॉटला २० टक्के इकडे-तिकडे चालतं, म्हणजे हा उत्तम. आता हिशोब उलटा करून ब्रिज पिकअपचा खरा रोध निघतो ५.९ किलो-ओहम, निरोगी.

दोष स्विचचा नाही याची आधी खात्री करून घेतली. मस्टँगला प्रत्येक पिकअपसाठी एक सरकता स्विच असतो: मधे बंद, दोन्ही टोकांना चालू, पण एका टोकाला फेज, म्हणजे सिग्नलची दिशा, उलटी. नेकचा स्विच पन्नासेक वेळा सरकवून दोन्ही टोकांना मोजलं, तेच २३६. आता पिकगार्ड उचलल्याशिवाय गत्यंतर नाही.

९ जून

पिकगार्डचा एक कोपरा अंगठ्याने जरा जोरात घासला आणि नाकाशी नेला. कापराचा वास, देवघरातल्यासारखाच. वरचा थर सेल्युलॉइडचा असल्याची ही खूण. सेल्युलॉइड मऊ राहावं म्हणून त्यात कापूरच मिसळतात. वर्षानुवर्षं कापूर उडत जातो तसा पत्रा आकसतो. इथे कडेचे स्क्रू आतल्या बाजूला कलले आहेत आणि लांबीत साधारण दीड मिलिमीटर आक्रसलेला दिसतो.

याचे तीन परिणाम ध्यानात ठेवायचे. एक, सेल्युलॉइड भडकन पेटतं, म्हणून पिकगार्डच्या आसपास सोल्डरिंगची इस्त्री चालवायची नाही. दोन, ते कुजताना आम्लयुक्त वायू सोडतं, त्याने खालचे धातू हिरवे पडतात. तीन, काढलेला गार्ड परत बसवताना भोकं जुळत नाहीत. इथेच बहुतेक गार्ड तुटतात: एक स्क्रू जोर करून आवळला की भोकापासून कडेपर्यंत चीर.

स्क्रू काढण्याआधी पुठ्ठ्यावर गार्डचा आकार काढला आणि प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी पुठ्ठ्यात टोचून ठेवला. गार्ड उचलल्यावर खालचा रंग दिसला: दुधासारखा पांढरा. बाहेरची बॉडी मात्र सायीच्या रंगाची. साठ वर्षांत वरचं पारदर्शक लॅकर पिवळं पडलंय, गार्डखाली उजेड पोहोचला नाही म्हणून तिथे मूळ छटा टिकली. ज्यांना हा पिवळेपणा ‘घाण’ वाटतो आणि जे पॉलिशने तो काढू पाहतात, त्यांनी ही एक जागा जरूर बघावी. पिवळं झालंय ते लॅकरच, त्यावरची मळी नव्हे. ते काढलं की गिटारचं कातडंच गेलं.

पॉटच्या पाठीवर १३७६६३०. १३७ म्हणजे सीटीएस कंपनी, ६६ साल, तिसावा आठवडा. मानेच्या शिक्क्याशी जुळतं. पण नुसत्या पॉटवरून साल ठरवू नये. फेंडरने ६६ मध्ये पॉट एवढे भरून घेतले की तेच पॉट पुढची दोन-तीन वर्षं बसत राहिले. पॉट एवढंच सांगतो की गिटार त्याच्या आधीची नाही. टोनचा कपॅसिटर सिरॅमिक चकतीचा, ०.०५ मायक्रोफॅरड.

नेकचा स्विच मधल्या, बंद स्थितीत ठेवून पिकअपच्या दोन वायरींवर मीटर लावला. या स्थितीत पिकअप बाकी सर्किटपासून सुटतो, त्यामुळे सोल्डर न काढता मोजता येतं. पूर्ण तुटलेला.

१५ जून

आजचा दिवस फक्त नेक पिकअपसाठी. पंखा बंद, खिडकी बंद. या पिकअपची तार ४२ गेजची, सुमारे ०.०६३ मिमी, केसाइतकी. वाऱ्याच्या झुळुकेनेही ती हलते. चिमटा चुंबकाला न चिकटणारा हवा, साधा पोलादी चिमटा पिकअपमधल्या सहा अल्निको चुंबकांकडे झेपावतो आणि वेटोळ्यात शिरतो.

प्लास्टिकचं कव्हर अलगद वर सरकवलं. वेटोळं गडद तपकिरी-जांभळं, म्हणजे तारेवर साध्या एनॅमलचं आवरण. दहापट भिंगाखाली दोन्ही आयलेट पाहिले. आयलेट म्हणजे तळपट्टीवरच्या त्या छोट्या पितळी कड्या, जिथे वेटोळ्याची बारीक तार संपते आणि बाहेरची जाड वायर सुरू होते. आतल्या टोकाची कडी स्वच्छ. बाहेरच्या टोकाच्या कडीवर मोरचुदासारखी हिरवी पूड, आणि तार कडीपासून दोन मिलिमीटरवर संपलेली. पूड सुईने बाजूला केली तर खाली जास्तीचं, मळकट सोल्डर. हा कारखान्याचा टाका नाही, कुणीतरी नंतर दुरुस्त केलाय. दुकानात डबीत मिळणारी पिवळसर सोल्डर पेस्ट वापरली असणार. तसल्या बऱ्याच पेस्टमध्ये झिंक क्लोराइड असतं. ते पत्र्याच्या कामाला ठीक, पण धुऊन काढलं नाही तर पावसाळी हवेतली ओल धरून तांबं खात बसतं. केसासारख्या तारेला संपायला कितीसा वेळ?

एका अर्थी हे नशीब. बाहेरचं टोक तुटलं तर वाचवता येतं. आतलं टोक वेटोळ्याच्या तळाशी गाडलेलं असतं, ते तुटलं असतं तर पुन्हा गुंडाळण्यावाचून मार्ग नव्हता, आणि पुन्हा गुंडाळलेला पिकअप मूळ राहत नाही, कितीही चांगला वाजला तरी.

वेटोळ्यावरून अर्धा फेरा, साधारण सात सेंटिमीटर, सोडवून घेतला. साधं एनॅमल सोल्डरच्या उष्णतेने जळून जात नाही, खरवडावं लागतं. हजार नंबरचा पॉलिश पेपर दुमडून त्यात तारेचं टोक धरलं आणि तीन मिलिमीटर ओढलं. पहिल्या खेपेला जोर जास्त झाला, तारेला खाच पडली आणि कडीला गुंडाळताना ती तिथेच तुटली. आणखी अर्धा फेरा सोडवला. दुसऱ्यांदा पेपर नुसता मिटून, दाब न देता, दहा वेळा ओढला. भिंगाखाली लालसर तांबं सगळ्या बाजूंनी दिसल्यावर थांबलो.

कडीवरचं जुनं सोल्डर शोषून घेतलं, तारेचे दोन वेढे दिले, इस्त्री ३२० अंश, अर्ध्या मिलिमीटरचं रोझिन (राळ) भरलेलं ६०/४० सोल्डर, स्पर्श दोन सेकंदांच्या आत. तार कडी ते वेटोळं किंचित ढिली ठेवली, ताणलेली तार थंडी-उष्णतेत तुटते. रोझिनचा उरलेला थर तसाच राहू दिला. तो धातू खात नाही, आणि धुवायला अल्कोहोल नेलं तर वेटोळ्यावरच्या जुन्या लॅकरमध्ये झिरपायची भीती.

कव्हर चढवून जॅकवर मोजलं: ५.९५, म्हणजे पिकअपचा खरा रोध ६.१ किलो-ओहम. आठेक हजार फेऱ्यांतला एक फेरा गेला, रोधात एक ओहमसुद्धा फरक पडत नाही. तापमान २५ अंश, तेही लिहून ठेवतोय. तांब्याचा रोध दर अंशाला ०.३९ टक्क्यांनी वाढतो. हाच पिकअप एप्रिलच्या दुपारी ३५ अंशांत ६.३ दाखवेल आणि उगाच घाबरायला होईल.

वेटोळ्याची शिटी थांबवायला पिकअप मेणात बुडवण्याचा सल्ला हमखास येईल. ॲम्प्लिफायरला जोडून कव्हरवर पेन्सिलीने ठोकून पाहिलं, शिटी मारत नाही. मग गरम मेणाचं काम नाही.

१६ जून

स्विच आणि पॉटची सफाई. वंगण असलेला काँटॅक्ट क्लीनर, नळीने पॉटच्या फटीतून एक झटका, मग चाळीस वेळा फिरवणं. सरकत्या स्विचची वरची खाच उघडी असते, सगळी धूळ तिथून आत जाते. म्हणून गार्ड उलटा धरून फवारा मारला, घाण खाली गळू दिली. दारं-कुलुपांसाठी मिळतो तो फवारा इथे नको, त्याचा चिकट थर राहतो आणि सहा महिन्यांत खरखर परत. दोन्ही स्विच आता सगळ्या स्थितींत शांत.

२३ जून

टोनच्या पॉटचं नट गायब होतं, त्या जागी कापडी चिकटपट्टी. हे नट इथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सापडत नाही. आपल्याकडच्या पॉटला ७ किंवा ८ मिमीची मान असते, सीटीएसची ३/८ इंच, इंचाला ३२ आटे. उद्यमबागेत जॉबवर्क करणाऱ्या एका टूलरूममध्ये या मापाचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) निघाला. पितळी षटकोनी सळईचा अडीच मिलिमीटरचा काप, मधे भोक, टॅप, दोन्ही कडांची धार मोडलेली. क्रोम करून द्यायची तयारी होती, नको म्हटलं. पिवळं पितळच राहू दे, म्हणजे पुढे कुणीही उघडेल त्याला हे नट मूळचं नाही हे लगेच कळेल.

इंची आट्यांबाबत एक सावधगिरी इथल्या सगळ्यांसाठी. अमेरिकन ६-३२ स्क्रू ३.५०५ मिमीचा, आपला एम ३.५ जवळपास तेवढाच जाड, त्यामुळे हाताने तो सुरुवातीला बसल्यासारखा वाटतो. पण आट्यांतलं अंतर एकाचं ०.७९४, दुसऱ्याचं ०.६. अर्ध्या फेऱ्यात अडकतो, आणि जोर केला की जुने आटे गेले.

३० जून

ब्रिज. मस्टँगच्या ब्रिजमधल्या नळकांडी सॅडल (एकेक तार ज्यांच्यावर टेकते त्या) एकसारख्या जाडीच्या नसतात. फ्रेटबोर्डची (मानेवर बोटं ठेवायच्या पट्टीची) गोलाई ७.२५ इंच त्रिज्येची, ती तारांना मिळावी म्हणून वेगवेगळ्या जाडीच्या सॅडल लावलेल्या असतात. क्रम चुकला तर कितीही सेटिंग करा, मधली तार एकतर घासते नाहीतर उंच राहते. दोऱ्यात ओवून क्रम राखला.

ब्रिजच्या दोन पायांतले उंचीचे स्क्रू गंजून घट्ट. सुईच्या टोकाने एकेक थेंब पेनिट्रेटिंग तेल, एक दिवस विश्रांती, मग सोल्डरिंग इस्त्रीचं टोक स्क्रूवर वीस सेकंद. ब्रिज बॉडीपासून काढून दूर टेबलावर ठेवलेला असतानाच. गार झाल्यावर ०.०५० इंचाची ॲलन की, आधी किंचित आवळून मग सैल. एक लगेच सुटला, दुसऱ्याला तीन फेऱ्या लागल्या.

हा ब्रिज पायांवर डुलतो. तो सैल झालाय असं समजून पुष्कळ जण तो चिकटवून टाकतात. ट्रेमोलो (सूर हेलावणारा दांडा) दाबला की तारांबरोबर ब्रिज पुढे-मागे झुकतो आणि सूर जागेवर परततो, त्यासाठीच ती रचना. टेलपीसचा (तारांची मागची टोकं अडकवलेल्या भागाचा) पत्रा ज्या खाचांवर टेकतो तिथे काडीच्या टोकाएवढं पांढरं ग्रीस.

क्रोमवरचा गंज ॲल्युमिनियमच्या चांदीकागदाचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासला. वरचा तपकिरी थर जातो, खड्डे राहतात. राहू देत. सुकवून मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात दिला.

फ्रेटबोर्डवर बोटांच्या मळाचा थर होता. जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने खरवडला, मग लायटर फ्लुइडने ओला केलेला सुती चिंधीचा बोळा. थिनर, ॲसिटोन, फ्रेंच पॉलिशचं स्पिरिट यांची बाटली खोलीतसुद्धा आणू नये, लॅकरवर एक थेंब पडला तरी संपलं. फ्रेट (फ्रेटबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) चकचकीत करायला स्टीलवूल वापरणारे बरेच, पण त्याचे कण पिकअपच्या चुंबकांना चिकटतात आणि कायमचे आत जाऊन बसतात. नायलॉनची बारीक घासणी पुरते. ट्यूनरना (सूर लावायच्या खुंट्यांना) शिलाई मशीनच्या तेलाचा प्रत्येकी एकच थेंब.

७ जुलै

पाऊस धरलाय. खानापूरच्या रानातून येणारी हवा घरात शिरते तेव्हा भिंतीसुद्धा ओल्या लागतात. या सबंध कामातला सगळ्यांत मोठा शत्रू हाच, आणि मूळ स्थिती राखायची तर निम्मं काम हवेचं.

आधी आर्द्रतामापक खरा की खोटा ते पाहिलं. बाटलीच्या झाकणात मीठ, त्यात पाण्याचे थेंब, ओल्या वाळूइतकं दाट. झाकण आणि मापक हवाबंद पिशवीत, बारा तास. बंद पिशवीत मिठावरची हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते. आपल्या मापकाने ७१ दाखवलं, म्हणजे यापुढे प्रत्येक वाचनात ४ मिळवायचे. हे न करता आकड्यांवर विसंबणारे बरेच आहेत.

खोलीत २४ अंश, ८५ टक्के. लाकूड आणि लॅकरसाठी ४५ ते ५५ टक्के लागतात. दोन पायऱ्यांत उतरवलं. केस लोखंडी कपाटात ठेवून तळाशी १५ वॅटचा जुन्या पद्धतीचा बल्ब, केसपासून दीड फूट लांब, मधे पत्र्याची आड. कपाट चार अंशांनी तापतं, आणि तेवढ्यानेच ८५ चे ६७ टक्के होतात, कारण गरम हवा तेच पाणी सहज पोटात घेते. एलईडी बल्ब या कामाचा नाही, त्याची ऊब पुरत नाही. सेल्युलॉइडचा धोका आधी लिहिलाय, त्यामुळे बल्ब केसमध्ये घालायचा विचारही नको.

दुसरी पायरी, केसमध्ये सिलिका जेल, नारिंगी रंगाचं, कापडी पुरचुंडीत ६० ग्रॅम. सुरुवातीला २५० ग्रॅम घातलं होतं, ती चूक झाली. रात्रीत आर्द्रता ३८ वर आली. इतक्या झपाट्याने सुकवलं तर फ्रेटबोर्ड आकसून फ्रेटची टोकं बाहेर येतात, लॅकरला नव्या भेगा जातात. आठवड्याला पाच-सहा टक्क्यांपेक्षा जास्त उतार नको. जेल हिरवं पडलं की ११० अंशांच्या ओव्हनमध्ये दोन तास, पुन्हा नारिंगी.

१४ जुलै

तारा चढवल्या. मस्टँगच्या तारांची वाजती लांबी २४ इंच. त्याच जाडीच्या तारा त्याच सुरात २५.५ इंची गिटारपेक्षा सुमारे ११ टक्के कमी ताणल्या जातात. म्हणून नऊ-बेचाळीसचा (जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत) संच हिच्यावर लुळा पडतो, ब्रिज खडखडतो, तारा सॅडलवरून सरकतात. ११ ते ५०, तिसरी तार वाऊंड, म्हणजे वरून बारीक तारेचा वेढा असलेली.

ट्यूनरचे खांब वरून चिरलेले, मधोमध भोक. तार दोन खांब पुढे जाईल एवढी ठेवून कापायची, टोक भोकात खाली घालायचं, चिरेत दुमडायचं आणि वरून खाली गुंडाळायचं. वाऊंड तार आधी वाकवून मगच कापावी, नाहीतर वेढा आतल्या गाभ्यावर सुटतो.

मानेचा बाक मोजला: पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), मान जिथे बॉडीला भिडते तिथे तार दाबून सातव्या फ्रेटवर फ्रेट आणि तारेमधली फट ०.५ मिमी. जास्त. प्रत्येक वेळी मान काढण्याने स्क्रूची भोकं झिजतात, म्हणून अंदाजाचे प्रयोग न करता एकदाच काढली, रॉड पाव फेरा, परत बसवली. दुसऱ्या दिवशी ०.३. सतराव्या फ्रेटवर तारांची उंची २ मिमी.

पिकगार्डचा नियंत्रण पट्टीजवळचा एक स्क्रू भोकात सरळ जातच नाही. भोक रुंद केलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं. केलं नाही. तो स्क्रू पाकिटात, जागा रिकामी.

२१ जुलै

केसमध्ये ५४ टक्के. सूर स्थिर. काहीही केलं नाही.

१ सप्टेंबर

पुढच्या शनिवारी गणपती. गल्लीतल्या मंडळाच्या कार्यक्रमात घरची मुलगी दोन गाणी वाजवणार. गिटारच्या तारा ब्रिजवाटे, केबलच्या जाळीवाटे ॲम्प्लिफायरच्या पत्र्याला जोडलेल्या असतात, म्हणून मांडवातल्या विजेची तपासणी हाही देखभालीचाच भाग. फेज-न्यूट्रल २३१ व्होल्ट, फेज-अर्थ १३८. या दुसऱ्या आकड्याचा अर्थ अर्थिंग नावापुरतं आहे. अशा जागी ॲम्प्लिफायरचा पत्रा तरंगत राहतो, आणि हात तारांवर असताना ओठ माइकला लागले की झटका थेट छातीतून जातो. मंडळाच्या वायरमनने शेजारच्या घराच्या चांगल्या अर्थिंगवरून लाइन ओढली, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) लावला. पुन्हा मोजलं: फेज-अर्थ २३०, न्यूट्रल-अर्थ १.४. शेवटची चाचणी, मीटर एसीवर, एक टोक तारेला, दुसरं माइकच्या जाळीला: ०.३ व्होल्ट. आता वाजवायला हरकत नाही.

वाजवून झाल्यावर तारा कोरड्या सुती कापडाने वरून-खालून पुसायच्या, गुलाल लागला असेल तर आधी ब्रशने झटकायचा. घासला तर रंग लॅकरच्या भेगांत बसतो आणि मग निघत नाही.

१७ नोव्हेंबर

हवा उलटली. खोलीत ४६ टक्के, रात्री त्याहून खाली. कपाटातला बल्ब आणि जेल दोन्ही काढलं, केसमध्ये ओल घेणारी आणि देणारीही ४९ टक्क्यांची दोन पाकिटं. मानेची फट ०.३ वरून ०.२५. रॉडला हात लावला नाही, पावसाळ्यात ती परत येईल. दर ऋतूला रॉड फिरवत बसणाऱ्यांचे रॉडच आधी जातात.

नेक पिकअप जॅकवर ५.९१, तापमान २३ अंश.

९ फेब्रुवारी २०२५

गिटार चोर्ला घाटातून गोव्याला जाऊन आली, नातेवाइकांना दाखवायला. गाडीच्या एसीतून उतरवल्यावर केस तीन तास बंदच ठेवायला सांगितलं होतं, ठेवली. गार लॅकरला दमट उष्ण हवा एकदम लागली की बारीक भेगा पडतात. जून महिन्याच्या फोटोंशी भिंगाखाली ताडून पाहिलं, बॉडीवर एकही नवी भेग नाही.

ट्यूनरच्या एका पांढऱ्या प्लास्टिक घुंडीला केसासारखी चीर दिसली, चौथ्या तारेची. जूनच्या फोटोत ती नाही. घुंडी बदलायची नाही, त्या ट्यूनरवर यापुढे तार आधी हाताने सुराजवळ ओढून मगच फिरवायची, म्हणजे घुंडीवर भार कमी. चिठ्ठी केसच्या झाकणाच्या आत लावली.

केसमध्ये ५१ टक्के. फट ०.२५. पुढची तपासणी मे महिन्याच्या शेवटी, वळवाच्या आधी.